रंगीत नको, काळाच द्या

पुण्यातल्या धायरीत घरीच मी आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. चाचणीच्या आठवड्यात दीड-दोनशे पानं छापायची आणि अख्ख्या मे महिन्यात एकही नाही, असा माझा कारभार. माझ्या रंगीत इंकजेटला, म्हणजे पातळ शाईच्या प्रिंटरला, नेमकं हेच मानवलं नाही.

जूनमधली पहिली चाचणी. आदल्या रात्री साडेदहाला प्रिंट दिली, तर पानभर आडव्या पांढऱ्या रेघा. बरोबरचं चिन्ह कुठलं आणि वजाबाकीचं कुठलं, मलाच कळेना. हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाची सफाई, तीनदा केलं. रेघा तशाच राहिल्या, शाई मात्र भराभर उतरली, आणि मग 'निळी संपली' म्हणून यंत्र अडूनच बसलं. अरे बाबा, मला छापायचंय काळं! शेवटी सकाळी क्लासच्या आधी झेरॉक्सच्या दुकानाचं शटर उघडायची वाट बघत उभी राहिले.

दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, महिनाभर बंद ठेवलात ना? हेडची भोकं केसापेक्षा बारीक असतात. शाई वाळली की बसली. आठवड्याला एक तरी रंगीत पान काढत जा." म्हणजे तुळशीसारखं यालाही पाणी घालायचं! तेवढी शिस्त माझ्यात नाही.

शनिवारी टिळक रोडवर गेले. दुकानदाराने आधी इंक टँकवाला, म्हणजे शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर दाखवला. पानाचा खर्च काही पैसेच, शिवाय रंगीतही निघतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? ज्यांच्याकडे रोज थोडं थोडं छापलं जातं, त्यांनी तोच घ्यावा. पण त्यातही पातळ शाई आणि तेच बारीक भोकांचं हेड, म्हणजे माझी मे महिन्याची अडचण जिथल्या तिथेच. "मग मॅडम, काळा-पांढरा लेझर घ्या," तो म्हणाला. त्यात शाईच नसते, कोरडी पावडर असते, तिला टोनर म्हणायचं. लेझरमुळे आतल्या ड्रमवर, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर, अक्षरांचा विजेचा ठसा उमटतो, त्याला पावडर चिकटते, ती कागदावर उतरते आणि तापलेला रोलर तिला वितळवून पक्कं करतो. वाळायला काही नाहीच. दोन महिने झाकून ठेवा, पहिलं पानही स्वच्छ येतं.

तो सगळं आपणहून सांगत होता असं नाही. खोक्यातलं टोनर ७०० पानांचं आणि पुढे विकत घ्यायचं १,५०० पानांचं, हे मी खोक्यावरचं बारीक वाचून विचारलं तेव्हा कबूल केलं. तो आकडाही पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा धरून काढलेला असतो. आलेख, भूमितीच्या आकृत्या आणि दाट मजकूर असला की टोनर त्याआधीच संपतं. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा घ्यायला थोडे जास्त पैसे पडले, पण कागदाची रिमं वाचतात.

एक गोष्ट त्याने बजावून सांगितली होती, ती मी ऐकली नाही. "इन्व्हर्टरवर लावू नका." जुलैत पावसाने संध्याकाळी लाइट गेली, प्रश्नपत्रिका राहिलेली, मी बटण दाबलं. रोलर तापायला एकदम शेकडो वॅट खेचतो. इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि होता तो दिवाही गेला. अंधारात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आता हाताने लिहून दे."

पावसाळ्यात कागदही दमट होतो आणि यात अडकतो. म्हणून रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवते. छपाई फिकी झाली की टोनरची डबी, म्हणजे कार्ट्रिज, काढून आडवं धरते, हलकेच डावी-उजवीकडे हलवते, परत घालते. आणखी चाळीसेक पानं निघतात. हातावर पावडर सांडलीच तर गार पाण्याने धुवायचं. गरम पाण्याने ती आणखी चिकटते.

परवा लेकीला शाळेच्या प्रकल्पासाठी फुलपाखरांची चित्रं हवी होती. काळी-पांढरी फुलपाखरं बघून तिने तोंड वाकडं केलं. गल्लीतल्या दुकानातून चार रंगीत पानं काढून आणली.