फाउंडेशनचं अनुदान आणि अडकलेला चेंज रिपोर्ट : माझा अनुभव

अनुदान मंजूर झालं, पहिला हप्ता आला, कामही सुरू झालं. तरी त्या अर्जातला विश्वस्तांच्या नावांचा रकाना आठवला की अजून डोकं तापतं. तालुक्याच्या गावी छोटी आरोग्य संस्था चालवणाऱ्या आणखी कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आमचा ट्रस्ट जुना आहे. मी सचिव. वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांचं हिमोग्लोबिन तपासायचं, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर बघायची आणि ज्यांना गोळ्या सुरू झाल्या ते त्या घेतात का, याचा पाठपुरावा करायचा, हे आमचं मुख्य काम. आजवर ते वर्गणी आणि देणग्यांवर चाललं. आमच्या जिल्ह्यात कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून स्थानिक आरोग्य संस्थांना अनुदान देणारं एक फाउंडेशन आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. यंदा त्यांच्याकडे अर्ज करायचं ठरलं.

प्रस्तावाची सगळ्यांनी भीती घातली होती, पण तो भाग सुरळीत पार पडला. आमच्या नोंदवह्या नीट होत्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली आणि गरोदर बाईचं 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, या मापाने वाडीवार याद्या तयारच होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सहमतीचं पत्र दिलं. आशाताईंनी कुठल्या वाडीवर कोणत्या वारी बायका घरी भेटतात ते सांगितलं, ते तसंच वेळापत्रकात घातलं. फाउंडेशनची माणसं येऊन वह्या चाळून गेली आणि खूश झाली. 'तुमची कागदपत्रं पोर्टलवर चढवा, मग समितीपुढे ठेवतो,' म्हणाले.

इथून खरी अडचण सुरू झाली.

पोर्टलवर सगळ्या विश्वस्तांची नावं, पॅन आणि आधार भरायचे होते आणि ती नावं धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट 1 च्या उताऱ्याशी तंतोतंत जुळायला हवी होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली ट्रस्टची नोंद होते, तेव्हा विश्वस्तांची नावं त्या कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये चढतात. पुढे कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, नवा विश्वस्त घेतला, तर कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत तो बदल कळवायचा. तोच चेंज रिपोर्ट. तो मंजूर झाल्याचा आदेश निघाला की रजिस्टरमध्ये नवी नोंद होते. तोवर उताऱ्यावर जुनीच नावं येत राहतात.

आमच्याकडे दोन बदल झाले होते. संस्था उभी करणारे डॉक्टरकाका वारले आणि अप्पांनी वयामुळे राजीनामा देऊन मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. त्यांच्या जागी दोन नवे विश्वस्त घेतले. सभेची नोटीस, इतिवृत्त, मृत्यूचा दाखला, राजीनामा, नव्यांची संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्रं, कोर्ट फी स्टॅम्प असं सगळं लावून चेंज रिपोर्ट मुदतीत दाखल केला होता. पोच आमच्याकडे होती. पण प्रकरण बोर्डावर येई आणि पुढची तारीख पडे. कधी साहेब रजेवर, कधी नोटीस बजावल्याचा अहवाल फाइलला लागलेला नाही, कधी नुसतंच 'पुढच्या महिन्यात या'.

तेव्हा उताऱ्यावर डॉक्टरकाकांचं नाव कायम होतं. पोर्टलवर त्यांच्या नावापुढचा पॅन आणि आधारचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. गेलेल्या माणसाच्या आधारची प्रत कुठून लावायची? नवी नावं घातली तर 'उताऱ्याशी जुळत नाही' असा लाल शेरा. जुनी घातली तर खोटी माहिती दिल्यासारखं. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, म्हणजे स्वयंसेवी संस्थांची नोंद होते तिथे, आम्ही नवी नावं घातलेली होती, आणि बँकेत सही मात्र अजून जुन्यांचीच, कारण बँकही तोच उतारा मागत होती. एकाच ट्रस्टची तीन ठिकाणी तीन प्रकारची यादी.

फाउंडेशनच्या ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी अगदी नम्रपणे एकच वाक्य सांगायची : 'मॅडम, पेंडिंग चेंज रिपोर्ट आमच्या चेकलिस्टमध्ये बसत नाही.' दाखल केल्याची पोच आहे, सांगितलं. बसत नाही. वकिलांचं पत्र देते म्हटलं. बसत नाही. मला राग आला तो याचाच. आम्ही कायद्याने सांगितलेलं सगळं मुदतीत केलं होतं. निकाल देणं आमच्या हातात नव्हतं. तरी कागदावर सदोष ठरत होतो आम्हीच. ज्या बायकांच्या याद्या बघून तुम्ही मान डोलावलीत, त्यांच्या लोहाच्या गोळ्यांचा पाठपुरावा एका प्रलंबित आदेशापायी थांबवायचा? हे मी त्यांना फोनवर याच शब्दांत विचारलं आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

वाट सापडली ती आमच्या ऑडिटरच्या ओळखीतल्या एका वकीलबाईंमुळे. त्यांनी फाइल उघडून पहिलाच प्रश्न केला, 'तात्पुरत्या मंजुरीचा अर्ज दिलाय का?' कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून विश्वस्तांच्या नावातला बदल अधिकाऱ्याला आधी तात्पुरता मंजूर करता येतो आणि मग नोटीस काढून हरकती मागवता येतात. हरकतीसाठी 30 दिवस. कुणी हरकत घेतली नाही तर तोच आदेश कायम होतो. आमच्या प्रकरणात वाद काहीच नव्हता. एक विश्वस्त हयात नाहीत, दुसऱ्यांनी स्वतः सही करून राजीनामा दिलेला. म्हणजे ही सोय आमच्यासारख्यांसाठीच आहे, आणि कार्यालयात एवढ्या खेपा घालूनही कुणी तोंडातून ती काढली नव्हती.

वकीलबाईंनी दोन गोष्टी करायला लावल्या. अप्पांकडून नव्याने ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र आणायचं, म्हणजे त्यांना नोटीस बजावण्यात वेळ जाणार नाही. अप्पांचा हात आता कापतो. मुलीने कागद पाटावर धरला, त्यांनी प्रत्येक पानावर सावकाश पूर्ण सही केली आणि 'राहिलं का एखादं पान?' म्हणून पुन्हा सगळी पानं उलटून बघितली. दुसरी गोष्ट म्हणजे फाउंडेशनकडून लेखी सशर्त मंजुरी मागायची : 'प्रस्ताव समितीने तत्त्वतः स्वीकारला आहे, अद्ययावत उतारा सादर केल्यावर निधी वितरित होईल.' त्यासाठी मला चेकलिस्टवाल्या मुलीला ओलांडून थेट कार्यक्रम प्रमुखांना भेटावं लागलं. भेटले, वह्या पुन्हा दाखवल्या, आणि त्यांनी पत्र दिलं. सभ्य माणूस. आधीच भेटले असते तर एवढी दगदग झाली नसती, पण त्यांच्यापर्यंत पोचू देत नाहीत हीच तर गोष्ट आहे.

ते पत्र जोडून लवकर सुनावणीचा अर्ज दिला. आता फाइलमध्ये कारण दिसत होतं : आदेश न निघाल्याने लोकांच्या आरोग्याचा निधी अडलाय. पुढच्या तारखेला साहेबांनी पत्र वाचलं, अप्पांचं प्रतिज्ञापत्र बघितलं आणि तात्पुरती मंजुरी दिली. हरकत कुणाची आली नाही. उताऱ्याची प्रमाणित प्रत हातात आली, तिच्यावर जुन्या नावांपुढे आदेशाचा क्रमांक आणि तारीख, खाली नवी दोन नावं. मी कार्यालयाच्या जिन्यातच थांबून ती दोन्ही नावं आधारच्या स्पेलिंगशी ताडून बघितली. बरोबर होती. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

तुमच्या ट्रस्टचा चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल तर प्रस्ताव लिहायला बसण्याआधी तो हातात घ्या. नावांची स्पेलिंगं पॅनप्रमाणेच घाला, इंग्रजीतली आणि मराठीतली दोन्ही. रोजनाम्याची (दर तारखेला काय झालं त्या नोंदीची) प्रत अधूनमधून काढत जा, म्हणजे प्रकरण नेमकं कशावर अडलंय ते कळतं. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

बजेटचं सांगायचं राहिलं. फाउंडेशनने 'प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत ठेवा' असं सांगितलं होतं. बऱ्याच संस्था ते ऐकून कार्यकर्तीचं मानधनही त्यातच कोंबतात आणि मग वर्षभर तोटा सोसतात. सीएसआर नियमांतली ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्या व्याख्येत येत नाही. मी नियम काढून दाखवला आणि तपासणीच्या पट्ट्या, कार्यकर्तीचं मानधन, वाडीपर्यंतचा प्रवास, नोंदींचं काम हे सगळं कार्यक्रम खर्चात लावलं. मान्य झालं. घासाघीस करायला संकोचू नका, मानधनाच्या बाबतीत तर मुळीच नाही. उन्हातान्हात चालणारी ती बाई आहे म्हणून तुमच्या याद्या खऱ्या आहेत.

सीएसआरचा पैसा घ्यायचा असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, 1 एप्रिल 2021 पासून. सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटने तो प्रमाणित करावा लागतो. आयकराची 12ए (संस्थेच्या करसवलतीची) आणि 80जी (देणगीदारांच्या करसवलतीची) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी आता कायमची नसते, मुदत बघून ठेवा. निधी कंपन्यांचा आहे की परदेशी देणगीचा, हेही पहिल्याच भेटीत विचारा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा 2020 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, त्यामुळे तसा निधी असेल तर तिथे वेळ घालवू नका.

फाउंडेशनला मी लेखी कळवलंय की पोर्टलवर 'विश्वस्त मयत' आणि 'बदल अहवाल प्रलंबित' असे दोन पर्याय द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि पोच चढवायची सोय द्या आणि मंजुरी सशर्त ठेवा. कार्यक्रम प्रमुखांनी पुढच्या फेरीआधी बदल करतो म्हणून सांगितलंय. फॉर्म उघडला की सगळ्यात आधी तोच रकाना बघणार आहे, आणि बदल दिसला नाही तर पुन्हा पत्र जाईल.