फूट-इंच, क्युसेक आणि पायथन

एम.एस्सी. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा अगदी शून्यापासून शिकायला घेतली. पदवीपर्यंत प्रोग्रॅमिंगशी संबंध आला नव्हता. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये नकाशे करताना आतला पायथन कन्सोल रोज समोर दिसायचा, तिथून ओढ लागली. विद्यापीठातली, आपल्या विषयातून या वाटेला आलेली बरीच मंडळी आता भेटतायत, त्यांच्यासाठी ही यंदाच्या पावसाळ्याची नोंद.

सरावाला पंचगंगा नदीची पातळी घेतली. पुस्तकांत विद्यार्थ्यांचे गुण, नोकरदारांचे पगार असली उदाहरणं असतात. त्यात उत्तर चुकलं तरी आपल्याला कळत नाही, कारण ते आकडे आपले नसतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मात्र कोल्हापुरात पोरासोरांनाही कळते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका.

जून

प्रिंट, इफ, फॉर, लिस्ट. यात सांगण्यासारखं फार नाही, सगळीकडे हेच शिकवतात. एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्समध्ये दर आठवड्याचा गृहपाठ असतो, त्याने शिस्त लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये मराठी निवेदनही मिळतं. एका खिडकीत ते लावायचं, दुसऱ्या खिडकीत तेच हाताने टाईप करायचं. कॉपी-पेस्ट करू नका, हात वळायला पाहिजे. एरर आली की शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचं. काय बिघडलं ते सगळ्यात खाली लिहिलेलं असतं, कुठे बिघडलं ते त्याच्या वर.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. पातळी, फूट, इंच अशी नावं दिली आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. वर्तमानपत्रातून उतरवलेली '४२' ही मजकुरातली संख्या इन्ट फंक्शनला दिली, तर तो तिचा बरोबर बेचाळीस करतो, अंक बदलून घ्यावे लागत नाहीत. फक्त कोडमध्ये थेट संख्या लिहायची तर ती इंग्रजी अंकांतच (0 ते 9) लिहावी लागते, देवनागरी अंक तिथे चालत नाहीत. 'कोल्हापूर'ची लांबी लेन फंक्शनने विचारली तर ९ येते. आपण वाचतो को-ल्हा-पू-र, चार अक्षरं. पायथन क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र असं एकेक चिन्ह मोजतो. गावांच्या नावांचे तुकडे पाडायचे असतील तर हे आधीच डोक्यात ठेवा, नाहीतर मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे.

जुलै

या महिन्यात खरं शिकले. पातळीच्या बातम्यांत आणि मेसेजमध्ये आकडा कधी '४२ फूट १० इंच' असा येतो, तर कधी नुसता '४२.१०'. हा टिंब दशांश चिन्ह नाही. त्याच्या डावीकडे फूट आणि उजवीकडे इंच. आमचे आण्णा फोनवर 'बेचाळीस दहा झाली गं' म्हणतात तेव्हा धोक्याला दोनच इंच राहिले हे घरात सगळ्यांना कळतं. कॉम्प्युटरला ते कोण सांगणार?

मजकुराची दशांश संख्या करणाऱ्या फ्लोट फंक्शनला '४२.१०' दिलं की ते ४२.१ होतं. म्हणजे ४२ फूट १ इंच आणि ४२ फूट १० इंच एकच होऊन बसतात, आणि ४२.९ त्यांच्याहून मोठं ठरतं. नदी चढतेय आणि आलेखात रेघ खाली येते. आकडे मजकूर म्हणून ठेवले तरी सुटका नाही, कारण मजकुराची तुलना एकेक चिन्ह धरून होते, १ हा ९ च्या आधी येतो, आणि '४२.१०' पुन्हा '४२.९' च्या मागे जातं. पांडाज (तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी) सीएसव्ही फाईल वाचताना, अंक इंग्रजी असतील तर, असा स्तंभ आपणहून दशांश समजून घेतं. एकदा शेवटचं शून्य गेलं की ते परत आणता येत नाही. एक्सेलमध्ये आकडा भरतानाही हेच होतं.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळायचा. एक्सेलमध्ये भरण्याआधी तो रकाना टेक्स्ट करायचा. पांडाजला वाचतानाच डीटाईप (स्तंभाचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, सांगायचा. मग टिंबावर स्प्लिट, दोन्ही तुकड्यांची इन्टने संख्या, पहिला तुकडा गुणिले १२, अधिक दुसरा तुकडा. सगळं इंचांत. ४२.९ चे ५१३, ४२.१० चे ५१४. इशारा ४६८, धोका ५१६. एकदा इंचांत आलं की तुलना, सरासरी, आलेख सगळं नीट होतं, आणि दाखवताना १२ ने भागून भागाकार व बाकी घेतली की पुन्हा फूट-इंच तयार. सोबत एक तपासणीही टाकली: दुसरा तुकडा ११ पेक्षा मोठा आला तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. कुणी खरोखरच दशांशात लिहिलेली '४२.७५' सारखी नोंद आली तर ती त्यात पकडली जाते.

उशिरा शिकणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतेय. पदव्युत्तर वर्षात कोडिंग शिकणारा मागे पडलेला नसतो. सिंटॅक्स कोणीही शिकवेल, पण हा टिंब इंचांचा आहे हे ज्याला नदी माहीत आहे त्यालाच कळतं.

ऑगस्ट

संख्याशास्त्राचा पेपर इथे कामाला आला. एकाच यादीचं प्रमाण विचलन नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने एक दिलं आणि पांडाजने त्याहून थोडं जास्त. दोन्ही बरोबर आहेत. नमपाय आपणहून एन (नोंदींची संख्या) ने भागतं, पांडाज एन वजा १ ने. नमुना आणि समष्टी यांतला फरक बी.एस्सी.ला घोकला होता, तो इथे डीडॉफ नावाच्या एका पर्यायात सापडला. प्रबंधात आकडा लिहिताना कुठलं वापरलं ते लिहा, मार्गदर्शक विचारणारच.

मग राधानगरी, भोगावतीवरचं धरण. त्याला ७ स्वयंचलित दरवाजे, एकातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग. माझं पहिलं फंक्शन याचंच: दरवाजे गुणिले १४२८, अधिक वीजगृहातून सोडलेलं पाणी. वीजगृहाचा आकडा बदलता असतो, म्हणून तो बाहेरून द्यायचा. चार दरवाजांचे ५७१२ येतात आणि ते बातमीतल्या आकड्याशी जुळतात. बातमीत 'क्रमांक ३, ४, ५ आणि ६ खुले' असं येतं, म्हणून नुसती संख्या न ठेवता खुल्या दरवाजांचा सेट, म्हणजे संच, ठेवला. १ ते ७ च्या सेटमधून खुल्यांचा वजा केला की बंद दरवाजे मिळतात, आणि कालच्या सेटमधून आजचा वजा केला की रात्रीत कुठला मिटला तेही कळतं. सेटचा हा उपयोग कळल्यावर मी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून अख्ख्या महिन्याच्या नोंदी त्यातून काढल्या. वेळ कसा गेला समजलं नाही.

आता पुढे

राधानगरीतून सुटलेलं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती तासांनी जाणवतं, हे काढायचं आहे. पांडाजच्या शिफ्टने विसर्गाचा स्तंभ तासातासाने पुढे सरकवायचा आणि पातळीतल्या वाढीशी दर वेळी सहसंबंध बघायचा, असा बेत आहे. अडचण अशी की पंचगंगेत भोगावतीबरोबर कुंभी, कासारी आणि तुळशीचंही पाणी येतं, त्यामुळे एका धरणाचा हिशेब तेवढा वेगळा निघणार नाही. पाऊस थांबलेला असताना दरवाजे खुले होते, असेच दिवस आधी गाळून घेतेय. नोंदी सगळ्या तासाच्या ठोक्याला नाहीत, मधे भोकं आहेत, ती इंटरपोलेशनने (आजूबाजूच्या नोंदींमध्ये सरळ रेघ धरून) भरायची की तशीच सोडायची हे ठरवायचंय. पाणी चढत असताना भरणं मला पटत नाही. तिथे रेघ सरळ नसते, म्हणून सध्या तशीच सोडलीत.