आईचा अहवाल आणि फुल स्क्रीन

आज दुपारी आईचा फोन आला. महिला मंडळाचा वार्षिक अहवाल ती गूगल डॉक्समध्ये लिहीत होती आणि वरचा मेनू, टॅब सगळं एकदम गायब. "अगं, माझं लिहिलेलं गेलं का गं?" आवाज अगदी रडवेला.

काही जात नाही. नेट चालू असलं की डॉक्स आपोआप सेव्ह होत राहतं. तिला एस्केप दाबायला सांगितलं, डॉक्सचा फुल स्क्रीन बंद झाला आणि मेनू आला. टॅब मात्र आले नाहीत, कारण ते लपवणारा ब्राउझरचा फुल स्क्रीन वेगळा! विंडोजमध्ये त्यासाठी एफ११ पुन्हा दाबावं लागतं, काही लॅपटॉपवर एफएन धरून.

टॅब दिसताच तिने हळदीकुंकवाचा परिच्छेद मला अख्खा वाचून दाखवला. फार सुंदर लिहिलाय. घरातल्या मोठ्यांना या दोन कळा आजच दाखवून ठेवा.