बायपासला गेलो आणि झडपेवर गाठी निघाल्या

गेल्या पावसाळ्यात माझी बायपास ठरली. तीन ब्लॉकेज होते. अँजिओग्राफी, टूडी इको सगळं झालेलं, त्यामुळे काय होणार ते मला पाठ होतं. टेबलावर भलतंच निघालं. भूल दिल्यावर घशातून नळी घालून इको करतात. त्यात महाधमनीच्या झडपेवर काहीतरी लोंबकळताना दिसलं. छातीवरून केलेल्या इकोत ते आलंच नव्हतं. डॉक्टर बाहेर येऊन हिला म्हणाले, "झडपेवर गाठी दिसताहेत, काढाव्या लागतील." आणि दुसऱ्या कागदावर सही मागितली. हिला पेन धरवेना. सही मुलाने केली.

मला कळलं चौथ्या दिवशी. छातीशी उशी धरून खोकायची सवय करत होतो, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, अजून एक आहे." गाठ म्हटलं की आपल्याकडे मनात एकच शब्द येतो. तो त्याने उच्चारला नाही, मीही नाही. बायोप्सीच्या रिपोर्टला आठ दिवस लागले. ऑपरेशनपेक्षा ते दिवस जड गेले. रात्री मॉनिटरवरचे आकडे बघत पडून राहायचो.

रिपोर्ट आला: पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. कॅन्सर नाही. सर्जननी मोबाइलवर फोटो दाखवला. बाहेर काढल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्यासारखी दिसणारी गाठ सलाइनमध्ये सोडताच फुलली होती, बारीक बारीक बोटं पसरून. मी मालवणचा. ओहोटीला खडकातल्या डबक्यात अशीच समुद्रफुलं लहानपणी पाहिलेली, बोट लावलं की मिटणारी. दोन्ही गाठी सेंटीमीटरच्या आतल्या. झडप न बदलता खरवडून काढता आल्या, हे माझं नशीब.

धोका वेगळाच असतो, ते म्हणाले. गाठीचा तुकडा किंवा तिच्यावर साकळलेलं रक्त सुटून मेंदूत गेलं तर पक्षाघात. ऐकताना मला फेब्रुवारीतली सकाळ आठवली. चहाचा कप हातातून सुटला होता, उजवा हात दहा मिनिटं नुसता लाकूड. अवघडला असेल म्हणून घरी बोललो नाही. हे सांगितल्यावर सर्जन क्षणभर गप्प झाले. त्यानेच झालं असं खात्रीने म्हणता येणार नाही, पण तेव्हाच यायला हवं होतं, म्हणाले. हात सुन्न झाला, जीभ अडखळली, तर लगेच बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

परवा सहा महिन्यांची इको झाली. झडप नीट मिटते आहे, नवीन काही नाही. हिने रिपोर्ट दोनदा वाचून घेतला, मग फाइल बंद केली.