गुहागर: मान खाली घालून पाहिलेला किनारा

मार्चअखेर गुहागरला गेलो ते कासवांसाठी. चिपळूणहून एसटीने पंचेचाळीसेक किलोमीटर, मग व्याडेश्वराच्या देवळाजवळच्या बोळातून, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून वाट काढत थेट पुळणीवर. कासवांची अंडी वाळूत पुरून जपतात त्या हॅचरीच्या जाळीबाहेर पन्नासेक माणसं मोबाइल सरसावून उभी होती. घरट्यांची राखण करणाऱ्या कासवमित्राने त्यांच्यावरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या, खाली पाहिलं आणि मान हलवली.

"आज काय नाय. उद्या उजाडता या."

"अहो, आम्ही पुण्याहून आलोय," एका काकांनी ऐकवलं. जणू पिल्लांना तसं कळवायचं राहून गेलं होतं.

गर्दी भेळेच्या गाडीकडे पांगली. मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालत सुटलो. पायाखाली सगळीकडे मोहरीएवढे, कुठे ज्वारीएवढे वाळूचे मणी. एका बिळापासून चहूबाजूंना रांगा गेलेल्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. मी पाऊल टाकलं की पाच-सहा फुटांवरचं सगळं बिळात गडप. शेवटी उकिडवा बसलो. दोन-तीन मिनिटं गेली आणि एक खेकडा वर आला. वाटाण्याहून मोठा नसेल. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेत होता. त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घ्यायचं, उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे सारायचा, की पुढचा घास. भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाणार आणि पुढच्या ओहोटीला हा परत कामावर. मांड्या भरून आल्या तरी उठवेना.

भरतीची रेघ संपते तिथून मर्यादवेल सुरू होते. समुद्राची मर्यादा दाखवणारी, म्हणून हे नाव. पान थेट आपट्याचं, फक्त जाड आणि चकचकीत. फुलं जांभळट गुलाबी, गणेशवेलीच्या कुळातली आहेत हे बघताक्षणी कळतं. सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मलूल होतात, त्यामुळे संध्याकाळी मला चुरगळलेलीच दिसली. एक वेल धरून मोजायला गेलो आणि अठरा पावलांनंतर ती दुसरीत कुठे मिसळली ते कळेना. पेरापेराला मुळं. वाळू धरून ठेवायचं काम हीच करते, तेही कुणी न लावता, पाणी न घालता. तिच्यावर लोक खुशाल चटई अंथरतात.

मागचं सुरूचं बन मात्र प्रत्येकाच्या फोटोत असतं. सुरू म्हणजे कोकण, असं आपल्या डोक्यात बसलंय. खरं तर ते झाड बाहेरचं, आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलं गेलं. खाली वाळलेल्या काड्यांचा इतका जाड थर साचतो की दुसरं फारसं काही उगवत नाही. इथली खरी झाडं म्हणजे उंडी, भेंड, केवडा. उंडीच्या बियांच्या तेलावर एकेकाळी कोकणात दिवे जळायचे. मला बनाच्या टोकाला जेमतेम दोन उंड्या सापडल्या. एकीखाली गोल फळं पडली होती, वटवाघळांनी चोखून टाकलेली.

सुरूवर मनातल्या मनात असा राग काढत होतो, तेवढ्यात त्यातल्याच सगळ्यात उंच झाडावर समुद्रगरुड येऊन बसला. पोट पांढरंशुभ्र, पंख राखाडी, पायात लोंबणारा समुद्रसाप. निवांतपणे सोलल्यासारखा खात होता. त्याला झाड देशी की विदेशी याच्याशी काही देणंघेणं दिसलं नाही. मी आपला गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोचलो तेव्हा आम्ही सातच जण होतो. पुणेकर काका नव्हते. टोपलीखालची वाळू मधोमध खचली होती. "खचली म्हणजे आली," कासवमित्र म्हणाला. थोड्या वेळात एक काळपट डोकं, मग एक वल्ह्यासारखा पाय. तिथे थांबलो असताना त्याने ०३२३३ची गोष्ट सांगितली. मार्च २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला एका मादीच्या पायाला या क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी अंडी घालायला इथे, गुहागरला आली. भारताला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं तोवर मानलं जायचं.

"आणि काका म्हणे पुण्याहून आलोय," तो हसला.

पिल्लं पाण्यापासून जरा लांबच सोडली. तेवढं अंतर त्यांनी स्वतः कापायचं, उचलायचं नाही, हा नियम. तळहाताच्या निम्म्याएवढी, वाळूने माखलेली. पाय पुढे मारायचे, थांबायचं, मान उचलायची, पुन्हा मारायचे. एक पिल्लू माझ्याच टाचेच्या ठशात पडलं. कडेवर चढायचं आणि वाळू ढासळली की पुन्हा तळाला. तीनदा असं झालं. माझा हात नकळत पुढे गेला.

"राहू दे," कासवमित्र म्हणाला. "चढेल."

चौथ्यांदा चढलं. पहिल्या लाटेने त्याला उताणं करून परत फेकलं, दुसरीने नेलं. वर ब्राह्मणी घार फिरायला लागली होती, तिला हाकलायला तो टोपली उंच धरून धावला. परत येऊन वही काढली, वेळ टाकली, पुढे आकडा लिहिला: ११.

"घरट्यात अजून आहेत," वही मिटत म्हणाला. "संध्याकाळी बघू. आणि येताना बाजूने या, मधून नको."