पाऊणकी

मे महिन्यातली दुपार. आई पडवीत आमसुलांसाठी रातांब्याच्या सालींना रसाचे पुट देत बसलेली, आणि भाची माझ्या लॅपटॉपवर स्क्रॅचमध्ये, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या मुलांच्या भाषेत, समुद्राच्या भरतीचं गणित मांडत होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, येतंच. तिने गुणाकाराच्या हिरव्या ठोकळ्यात तिथीचा केशरी ठोकळा बसवला, झेंड्यावर टिचकी मारली आणि पडद्यावरचं मांजर म्हणालं, ‘सहा’. अष्टमी होती. बरोबर.

‘मामा, तू पण असेच प्रोग्राम करतोस?’

मी तेच पायथन भाषेत लिहून दाखवलं. अकरा ओळी, त्यातल्या सहा सोळावी तिथी टाकणाऱ्या महाभागांसाठी. ‘ह्यात रंग कुठायत?’ म्हणून ती परत मांजराकडे.

कॉलेजात आम्ही हेच छिद्रांची प्लास्टिक पट्टी घेऊन फ्लोचार्टात काढलं असतं. ‘हो की नाही’ विचारणाऱ्या चौकटीला सगळे शंकरपाळीच म्हणायचे. बाणावर बाण चढला की मार्क गेले. पुढे कळलं की संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्येच सांगून ठेवलंय, प्रोग्राम माणसाने वाचावा असा, निबंधासारखा लिहावा. मला फारच पटलं. एकदा तसा लिहिलाही. वरिष्ठांनी निबंध पुसला, कोड ठेवला.

आजोबांचा प्रोग्राम बोटांच्या पेरांवर होता. अंगठा सरकायचा, ओठांत पाऊणकी पुटपुटणं चालायचं, चार पाऊण तीन, आणि ते एकदम ‘चला’ म्हणायचे. आम्ही टोपल्या घेऊन उभेच. पण तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला ओहोटी लागते, म्हणजे वर आणखी सहा तास मिळवायचे. ते कुठल्या पेरावर मिळवत, कुणास ठाऊक. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही.

‘आजी, आज भरती कितीला?’ भाचीने परीक्षा घेतली.

आईने मान वर केली नाही. ‘मघाशी जेटीच्या चार पायऱ्या उरल्या होत्या. उन्हं कलली की भरेल.’

भाची ठोकळ्यांमध्ये पायरी शोधायला लागली. मी सालींचं ताट उन्हात सरकवलं.