पुण्याच्या गच्चीवरून उपग्रह ऐकताना: प्रीअँप सगळ्यात शेवटी

उपग्रह ऐकण्याचं खूळ डोक्यात शिरलं की लोक आधी प्रीअँप (सिग्नल वाढवणारी डबी) मागवतात. घाई करू नका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक माथ्यावरून जातं तेव्हा जेमतेम 420 किलोमीटरवर असतं आणि मध्ये काही आडवं येत नाही. 145.800 मेगाहर्ट्झवरचं त्याचं एफएम प्रक्षेपण सुरू असेल तर साध्या हँडीवरही (हातातल्या वॉकीटॉकीवरही) ऐकू येतं. शहरात खरी अडचण गोंगाटाची. लिफ्टचा ड्राइव्ह, सोलरचा इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर, सीसीटीव्हीचे स्वस्त अडॅप्टर, सगळे मिळून बँडभर कचरा सांडतात. अशा ठिकाणी प्रीअँप लावला की सिग्नलबरोबर कचराही तेवढाच मोठा होतो.

म्हणून आधी उपग्रह नसतानाची गच्ची ऐका. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर काढूनच टाका. आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला रेडिओ बनवणारी यूएसबी काडी) थेट लॅपटॉपला न खोचता मीटरभर यूएसबी वायरने लांब ठेवा. वॉटरफॉलमध्ये (स्क्रीनवर सरकत जाणाऱ्या सिग्नलच्या चित्रात) ठरावीक अंतराने उभ्या, जराशा सरकणाऱ्या धुरकट रेघा दिसल्या की तो स्विचिंग सप्लाय समजा. लिफ्टच्या खोलीपासून दूरच्या कोपऱ्यात गेलात तर पाच-सात पावलांतही फरक दिसतो. गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतं ती वेळ साधा: तेव्हा ज्या रेघा गायब होतात त्या तुमच्या आसपासच्याच. दुसरा त्रास एफएम स्टेशनांचा. गेन (डोंगलमधली सिग्नलची वाढ) थोडा कमी केल्यावर सिग्नल गोंगाटातून जास्त वर आला, तर डोंगल ओव्हरलोड होतंय. गेन तिथेच ठेवा किंवा 88 ते 108 मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावा.

आता अँटेना. 145 मेगाहर्ट्झसाठी मोजपट्टीची तीन एलिमेंटची (पट्ट्यांची) यागी, म्हणजे एका दिशेने ऐकणारी अँटेना, अजूनही सगळ्यात फायद्याची. 5 मीटरची पोलादी मोजपट्टी, 20 मिमी पीव्हीसी पाइप आणि होज क्लिप, बस्स. मागचा रिफ्लेक्टर 105 सेंमी, पुढचा डायरेक्टर 89 सेंमी, मधल्या एलिमेंटचे दोन तुकडे प्रत्येकी 45 सेंमी आणि त्यांच्यात अडीच सेंमी फट. रिफ्लेक्टर ते मधला 20 सेंमी, मधला ते डायरेक्टर 32 सेंमी. हातात धरायला मागे वीतभर पाइप जास्तीचा ठेवा. मधल्या दोन तुकड्यांना 12.5 सेंमी तारेचा यू आकार जोडायचा, म्हणजे 50 ओहमशी जुळणी होते. केबलचा गाभा एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला.

हमखास बिघडतं ते सोल्डरिंग. मोजपट्टीवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढावा लागतो, नाहीतर सोल्डर वर मण्यासारखं बसतं आणि दुसऱ्या दिवशी सुटतं. 60 वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि भरपूर फ्लक्स घ्या. 25 वॅटचं पट्टीला पुरेसं तापवत नाही. काम झाल्यावर मल्टिमीटर लावला तर शॉर्ट दाखवेल. घाबरू नका, ती यू तार आहे. मात्र याच कारणाने डोंगलचा बायस-टी (केबलमधून वर वीज पाठवणारी सोय) बंद आहे ना, हे बघून मगच केबल जोडा.

केबलमध्ये लोक फसतात. आरजी-58 च्या 20 मीटरमध्ये 145 वर सुमारे 4 डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घटीचं माप) जातात, 435 वर 7 किंवा जास्त. डिश टीव्हीची आरजी-6 75 ओहमची असली तरी बरी: न जुळण्याचा तोटा 0.2 डीबीच्या आत आणि केबलमधला तोटा जवळपास निम्मा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे गेलात तर केबल आणि कनेक्टर एकाच फेरीत होतात. पण गच्चीवरच बसलात तर दोन मीटर केबल पुरते, आणि तेच उत्तम.

पास, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून कधी जातो ते, बघायला जीप्रेडिक्ट हे सॉफ्टवेअर. ठिकाण 18.52 उत्तर, 73.86 पूर्व, उंची 560 मीटर. टीएलई (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे) ताजे करून घ्या. महिनाभर जुने असले तर स्थानकाची वेळ चुकते. वेळ यूटीसीत (जागतिक वेळेत) आहे की आपली, हेही बघा. साडेपाच तासांच्या गोंधळात पुष्कळ पास जातात. सुरुवातीला 30 अंशांच्या वर चढणारेच पास घ्या. क्षितिजावरचं स्थानक 2300 किलोमीटरवर असतं, म्हणजे माथ्यावरच्यापेक्षा सुमारे 15 डीबी कमी, शिवाय इमारती आणि टेकड्या आडव्या.

145.800 वर डॉप्लर, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक, साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास राहतो. फिल्टर 15 किलोहर्ट्झ रुंद ठेवला की हात लावावा लागत नाही. 437.800 वर स्थानकाचा रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारा) सुरू असतो तेव्हा मात्र दहा किलोहर्ट्झ वरून दहा खाली यावं लागतं: 437.810 पासून पाच-पाचच्या टप्प्याने 437.790. इथे स्वस्त डोंगल दगा देतं. 50 पीपीएम (दहा लाखांत 50) चूक म्हणजे 437 वर जवळजवळ 22 किलोहर्ट्झ, डॉप्लरच्या दुप्पट! टीसीएक्सओ (तापमानाने फारसं न सरकणारं स्फटिक) असलेलं घ्या.

सिग्नल येऊन-जाऊन राहिला तर मनगट फिरवून यागी आडवी-उभी करा. छोटे उपग्रह स्थिर नसतात. 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 मधून गेलेल्या पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘स्वयम’ उपग्रहामध्ये दिशा सांभाळायला फक्त चुंबकीय व्यवस्था होती, असल्या उपग्रहाची अँटेना पासभर आपल्या दृष्टीने वळत राहते.

जागेची शांतता किती मोलाची, ते नारायणगावजवळच्या खोडदला कळतं. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी ती जागा निवडताना कमी रेडिओ गोंगाट हे एक कारण होतंच. 19 ऑक्टोबर 2016 ला मंगळावर उतरणाऱ्या स्क्यापारेल्ली यानाचा 401 मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण सिग्नल तिथेच पकडला गेला. अर्थात 45 मीटरच्या तबकड्या आपल्याकडे नाहीत.

पास ऐकताना आयक्यू (कच्च्या सिग्नलचं) रेकॉर्डिंग चालूच ठेवा, पण सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेल्या नोंदी) 250 हजारावर आणून. 2.4 दशलक्षावर दहा मिनिटांत जवळपास तीन जीबी भरतात, 250 हजारावर तीनशे एमबी. 16 बिटची फाइल असेल तर दुप्पट. स्थानकावरून रेडिओने चित्रं पाठवली जातात तेव्हा पीडी120 या पद्धतीचं एक चित्र यायला दोन मिनिटं लागतात, आणि अर्धवट आलेलं चित्र नंतर रेकॉर्डिंगमधूनच नीट काढता येतं. स्वतः रेडिओवर बोलायचं झालं तर मात्र डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची) परीक्षा आणि परवाना हवाच.